सेकंदाला एक

टांपेरे. फेब्रुवारी. पहाटेचे तीन वीस.
हिल्काचा फोन उशीखाली गुरगुरतो:
तिसऱ्या मजल्यावरची मोटार बंद पडली.

ट्राम सुरू व्हायला अवकाश आहे. ती चालतच निघते.
उणे एकोणीस, नाकातले केस काचेचे,
पुलाखालून वाफाळती नदी,
आणि काठावर ती विटांची गिरणी
जिच्यात हल्ली बिअर मिळते.

इनक्युबेटरच्या दाराआड मात्र सदतीस अंश.
बोटभर पारदर्शक रबरी पट्टीवर
कुणाच्यातरी नाळेतून आलेल्या पेशी.
ते बाळ घरी गेलं, आता दात येत असतील त्याला.
या मागे राहिल्या.
मंगळवारी पट्टीवर सोडल्या तेव्हा गोल होत्या,
भिजल्या साबुदाण्यासारख्या.
मग एकेकीनं पाय काढला, चाचपलं,
आणि चिकटल्या.

चिकटल्या हा शब्द बरोबर नाही.
डिंक चिकटतो आणि विसरून जातो.
या धरतात.
खुंटे रोवतात, आतून दोर वळतात,
दोर ओढून बघतात जमीन कडक की मऊ,
आणि हिसका बसला की काही खुंटे
सुटायचे सोडून जास्तच रुततात.
जिला धरायला काहीच मिळत नाही
ती स्वतःची आवराआवर करते,
भिंती मोडते, गाठोडी बांधते,
आवाज न करता संपते.

तुटेपर्यंत ताणू नये म्हणतात, खरंय.
पण मुळीच न ताणलेल्यालाही
तोंड कुठे करावं ते उमगत नाही.

मंगळवारपासून मोटार ओढत होती,
सेकंदाला एक, शंभराला दहा,
नाडीसारखी.
आणि पेशी वळत गेल्या. ओढीच्या दिशेने नाही,
पाठ फिरवूनही नाही. आडव्या.
वाऱ्याला खांदा देऊन उभं राहावं तशा,
सगळ्या एका अंगाला.
आता ओढ थांबली. काही तासांत
पुन्हा विस्कटलेलं गवत.

हिल्का मोटारीची खीळ काढते,
मागच्या भोकातून आलेली दांडी मुठीत घेते.
युक्सी. काक्सी.
आकडे संपतात, ती पुन्हा एकापासून.
तिची आई, आल्ली, मागावर होती सव्वीस वर्षं,
दोन्ही कान गेलेले,
मागाचा ठोका तळपायांनी ऐकायची
आणि रात्री सूप पिताना चमच्याने
टेबलावर तोच ठोका, नकळत.
हिल्काला त्याचा राग यायचा.
युक्सी. काक्सी.
सातशेला चुकली. पुन्हा सातशेच धरले.

मागावर उभा तो ताणा, आडवा तो बाणा.
तिच्या भाषेत या शब्दांचं पुढे काही होत नाही.
आपल्या भाषेत बाणा माणसालाही असतो.

सात चाळीसला नवा पट्टा घेऊन माणूस आला.
मागोमाग डॉक्टर वाइनिक्का, कोटावर बर्फ.
हाताने? म्हणाले. मग वारंवारता काय लिहू?
ही पट्टी बाद.
बरोबरच आहे त्यांचं.

ते गेल्यावर तिनं भिंगाखाली पाहिलं.
आडव्या होत्या. जवळपास सगळ्या.
फक्त चिमट्यापाशी एक कोपरा गोंधळलेला,
कदाचित तिनं हात बदलला तेव्हाचा,
कदाचित तिचा काही संबंधच नसेल.
त्यांना काय ठाऊक, पलीकडे मोटार की खांदा.

बाद डब्यात न टाकता
तिनं पट्टीला नवं गुलाबी पाणी घातलं,
झाकणावर पेन्सिलीनं तारीख, आणि खाली
एवढंच: हाताने.

कॅन्टीनमध्ये कॉफीचा कप उचलताना
उजवा हात अजून मागेपुढे होत होता.
थोडी सांडली.
तिनं तो धरला नाही,
होऊ दिलं.